व्यायाम झाला, आता वाढीव खायचं का? वजन उतरवणाऱ्या नवख्यांसाठी

कोल्हापुरात व्यायाम म्हटलं की पाठोपाठ खुराक आलाच. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ साली खासबाग मैदान उभं राहिलं, पेठापेठांतल्या तालमी पोरांनी भरल्या आणि घराघरात एक गोष्ट पक्की बसली: अंगातनं घाम काढला की दूध, तूप, बदाम पोटात गेलंच पाहिजे. गंगावेशीत आजही म्हैस समोर उभी करून धार काढून देतात. तिथं पेला तोंडाला लावणाऱ्यांत तालमीतली पोरं असतात, तशी रंकाळ्यावरनं फिरून आलेली, पोट सुटलेली पन्नाशीची माणसंही असतात.

पैलवानाचा खुराक चुकीचा नाही. तो पहाटे उठून शेकड्यांनी जोर-बैठका मारतो, संध्याकाळी पुन्हा मातीत उतरतो, आणि त्याला अंग धरायचं असतं. आपल्याला वजन उतरवायचंय. काम वेगळं, तर ताटही वेगळं हवं. पण म्हणून व्यायामानंतर उपाशीच राहायचं, असंही नाही. मी स्वतः अकरा किलो उतरवले, त्याला पावणेदोन वर्षं लागली. त्यातले पहिले चार महिने याच एका प्रश्नात फुकट गेले. रोज चालायची, आणि चाललेय म्हणून रोज थोडं जास्त खायची. काटा जागचा हलला नाही. आता सकाळच्या फिरण्यात नव्यानं आलेल्या बायका मला हाच प्रश्न विचारतात, म्हणून सगळं एका जागी लिहिते आहे.

सुरुवात करण्याआधी

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर खाणं कमी करून व्यायाम वाढवणं हे डॉक्टरांना विचारूनच करा. अशा माणसाची साखर चालता चालता एकदम उतरू शकते. हातपाय थरथरणं, गार घाम, डोकं हलकं होणं जाणवलं तर त्या वेळी कॅलरी मोजत बसू नका. तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासा, आणि खिशात लिमलेटच्या गोळ्या ठेवल्याशिवाय घराबाहेर पडू नका. गरोदरपणात वजन उतरवायला जाऊ नये. बाळ अंगावर पीत असेल तर आईला एरवीपेक्षा रोज पाचशे-सहाशे कॅलरी जास्त लागतात, त्यामुळे खालचे आकडे तिच्यासाठी नाहीत. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी प्रथिनं वाढवण्याआधी विचारावं. आणि तालमीत जाणाऱ्या वाढत्या वयाच्या पोरापोरींना या हिशोबात ओढू नका. त्यांना खाऊ द्या.

पहिलं काम: तुमच्या आकड्यात व्यायाम आधीच धरलाय का, ते बघा

सगळा गोंधळ इथं होतो, म्हणून इथं जरा सावकाश जाऊ.

दिवसभरात शरीर किती कॅलरी खर्च करतं, याचा अंदाज काढायला १९९० पासून एक सूत्र वापरतात. वजन किलोमध्ये घेऊन त्याला १० ने गुणा. उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन ६.२५ ने गुणा आणि दोन्हींची बेरीज करा. त्यातून वयाची पाचपट वजा करा. शेवटी बाईसाठी आणखी १६१ वजा करायचे, पुरुषासाठी ५ मिळवायचे. हा झाला नुसतं पडून राहिलं तरी होणारा खर्च. आमच्या शेजारच्या वहिनींचं उदाहरण घेते: वय ३६, वजन ७२, उंची १५७. ७२० अधिक ९८१, वजा १८०, वजा १६१, म्हणजे १३६०.

आता याला दिवसाच्या हालचालीप्रमाणे गुणायचं. बैठं काम, व्यायाम नाही, तर १.२. आठवड्यातून काही दिवस हलका व्यायाम, तर १.३७५. वहिनींचे पहिल्या पद्धतीनं होतात १६३२, दुसऱ्या पद्धतीनं १८७०. वजन उतरवण्यासाठी त्यातून साधारण ४०० कमी केले, की एका पद्धतीत रोजचं खाणं १२३० आणि दुसरीत १४७०.

मधला फरक बघा, २४०. हा फरक कुठून आला? तो त्यांच्या चालण्याचाच आहे. म्हणजे १४७० वर चालणाऱ्या माणसाच्या ताटात व्यायामाची भाकरी आधीच वाढलेली आहे. त्यानं वरून परत मागायची नाही.

वहिनींनी मोबाइलमधल्या अॅपला सांगितलं होतं, 'मी हलका व्यायाम करते.' अॅपनं १४७० दिले. मग घड्याळ अॅपला जोडलं. सकाळी तासभर चालून आल्या की घड्याळ म्हणायचं ३४०, आणि अॅप खुशाल ते ३४० वर वाढवून द्यायचं. झाले १८१०. वहिनी प्रामाणिकपणे तेवढंच खायच्या, एक घास जास्त नाही. रोजची तूट राहिली अवघी ६०. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. या वेगानं महिन्याला पाव किलोसुद्धा उतरत नाही. "ताई, माझा थायरॉइड बघायला पाहिजे," असं त्या म्हणत होत्या. रक्त तपासलं, सगळं ठीक होतं. एकच चालणं दोनदा मोजलं जात होतं.

तेव्हा आज बसून एवढं करा. अॅप वापरत असाल तर त्यात हालचालीचा कोणता पर्याय निवडलाय ते उघडून बघा. 'बैठं' निवडलं असेल तर व्यायामाचं थोडं वरून खाता येईल. त्याच्या वरचा कुठलाही पर्याय असेल तर वरून काही नाही, आणि घड्याळाची जोडणी तोडून टाका.

दोन्हींत कोणती पद्धत बरी? ज्यांचा व्यायाम रोज सारखाच असतो त्यांना दुसरी: एकच आकडा, रोज तेवढंच खाणं, डोक्याला ताप नाही. नवख्यांना मी हीच सांगते. ज्यांचा आठवडा वेडावाकडा असतो, म्हणजे तीन दिवस काही नाही आणि रविवारी सायकलवरून पन्हाळा, त्यांनी पहिली धरावी.

घड्याळाचा आकडा किती खरा?

फारसा नाही. २०१७ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात साठ जणांच्या मनगटावर सात प्रकारची घड्याळं बांधून तपासणी झाली. नाडीचे ठोके बहुतेकांनी बरे मोजले. कॅलरीत मात्र सगळ्यात चांगलं घड्याळसुद्धा सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं, आणि सगळ्यात वाईट ९३ टक्क्यांनी. शिवाय काही घड्याळं त्या तासाचा पडून राहिलो असतो तरी झाला असता असा खर्चही त्यातच धरतात, जो तुमच्या रोजच्या आकड्यात आधीच आहे.

त्यापेक्षा हाताशी एक सोपा हिशोब ठेवा. सपाटीवर चाललात तर किलोमीटर गुणिले वजन, आणि त्याचं अर्धं. वहिनी पाच किलोमीटर चालतात: ७२ गुणिले ५ म्हणजे ३६०, त्याचं अर्धं १८०. धावलात तर अर्धं करू नका, जवळजवळ पूर्ण धरा. जिममध्ये पाऊण तास वजनं उचलली तर बहुतेकांचा खर्च शंभर ते दोनशेच्या आत राहतो. घाम कितीही निघू दे. घाम म्हणजे पाणी. मे महिन्यात तर चहा पितानाही घाम येतो.

म्हणजे घड्याळाच्या ३४० पैकी वहिनींच्या पदरात खरे १८०. 'घड्याळ दाखवतंय त्याच्या अर्ध्याहून जास्त खाऊ नका' असं अनुभवी माणसं सांगतात, ते याच्याशी जुळतं.

आणखी एक गोष्ट लोकांना पटत नाही, पण खरी आहे. व्यायामात केलेला सगळाच खर्च हिशोबात टिकत नाही. २०२१ साली १७५४ प्रौढांच्या मोजणीतून असं दिसलं, की वाढीव हालचालीत जे खर्च होतं त्यातलं सरासरी २८ टक्के शरीर दुसरीकडे काटकसर करून भरून काढतं. त्यात आपली भर असतेच: सकाळी चाललोय म्हणून दुपारी आडवं होणं, कोपऱ्यावरच्या दुकानात गाडी काढून जाणं.

मग किती खायचं?

तासाभराच्या आतलं चालणं, घरची योगासनं, सूर्यनमस्कार: वाढीव काही नको. फक्त वेळ जुळवा. सातला फिरून आलात आणि नाष्टा साडेनऊला असेल, तर मधल्या अडीच तासांत हात डब्यात जाणारच. नाष्टा आठला घ्या. खाणं तेवढंच, जागा बदललेली. निम्म्या लोकांचा प्रश्न एवढ्यानं सुटतो.

पहिल्या पद्धतीनं चालत असाल आणि तास-दीड तास दमवणारा व्यायाम झाला, तर वरच्या हिशोबाचं अर्धं ते तीन चतुर्थांश खा. आणि तुमचा आकडाच मुळात लहान असेल, वहिनींच्या १२३० सारखा, तर मात्र पूर्ण खा. १२३० खाऊन त्यातले १८० चालण्यात गेले, तर शरीराच्या बाकी सगळ्या कामांना उरले १०५०. हे फार कमी झालं. बाकीच्यांना 'खाऊ नका' सांगणारी मी, अशा बारक्या आकड्याच्या बायकांना 'खा' म्हणून मागं लागते. १२०० च्या खाली स्वतःच्या मनानं कुणीही उतरू नये. राष्ट्रीय पोषण संस्थाही आठवड्याला अर्धा किलो एवढाच वेग सुरक्षित मानते.

लांबच्या दिवसाचं गणित निराळं. चैत्रात जोतिबाला चालत जाणं, सायकलवरून पन्हाळा चढणं, पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड: त्या दिवशी वजन उतरवण्याचा विचार घरी ठेवून जा. दीड तासाच्या पुढं सलग मेहनत असेल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. एका केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात, दहा ग्रॅम गुळाच्या खड्यात जवळजवळ दहा. दोन केळी, गुळाचे खडे, थोडी चिक्की, मीठ-लिंबाचं पाणी. भूक लागायची वाट न बघता आधीपासून थोडं थोडं खा. घाटात मध्येच पायातलं बळ गेलेली माणसं मी बघितली आहेत. सकाळी 'आज जरा कमीच खाते' म्हणून निघालेली असतात. घरी आल्यावर नीट जेवा, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा रोजचा आकडा. कालचं आज वसूल करायला जाऊ नका, ना खाऊन, ना उपाशी राहून.

काय खायचं, आणि ते मोजायचं कसं

दोनशे कॅलरी म्हणजे किती, हे डोळ्याला कळल्याशिवाय वरचं सगळं कागदावरच राहतं. म्हणून तीनेकशे रुपयांचा स्वयंपाकघरातला वजनकाटा आणा. जिमच्या फीआधी तो आणा.

मी काटा आणला त्या दिवशी पहिल्यांदा भाकरी मोजली. सासूबाई परातीत पीठ घेतात ते ओंजळीनं, मी घेते वाटीनं. त्यांना म्हटलं, गोळा मळायच्या आधी जरा थांबा, आणि परात काट्यावर ठेवून शून्य केली. त्यांच्या एका भाकरीचं पीठ निघालं ८५ ग्रॅम, माझ्या भाकरीचं ५५. दोन्ही ज्वारीच्या, दोन्ही तव्यावर टम्म फुगलेल्या, ताटात ठेवल्या तर घेर सारखाच. फरक जाडीत होता. शंभर ग्रॅम पिठाला साधारण ३४० ते ३५० कॅलरी धरा, म्हणजे एका भाकरीमागे शंभराचा फरक. दोन भाकऱ्या खाणाऱ्याचं तासाभराचं चालणं त्या जाडीतच गेलं. सासूबाई काट्याकडं बघून म्हणाल्या, "मग मी आयुष्यभर अडीच भाकरी खाल्ली का चार?" त्यांनी शेतात राबून ती जिरवली होती. आम्ही खुर्चीत बसून तीच खातो.

मिसळीचंही एकदा घरी मोजून केलं. तीस ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ शंभर, मूठभर फरसाण म्हणजे ४० ग्रॅम २१०, कटावरचं एक मोठा चमचा तेल १२५, आणि आपल्याकडच्या रीतीनं पावाऐवजी ब्रेडच्या तीन स्लाइस सव्वादोनशे. साडेसहाशेच्या पुढं गेलं, आणि दुसऱ्यांदा घेतलेला कट त्यात धरलेला नाही. व्यायामाच्या १८० त साडेसहाशेची मिसळ बसत नाही. मिसळ सोडा असं मी कुणाला सांगणार नाही. इथं राहून ते टिकणारही नाही. महिन्यातून दोनदा ठरवून खा, ती त्या दिवसाचं मुख्य जेवण समजा, फरसाण निम्मं घ्या आणि कट वरून न घेता तळातला मागा. फक्त 'आज चाललोय म्हणून' या कारणाला ती जोडू नका. चालण्याचं बक्षीस म्हणून खाणं सुरू झालं, की चालणं वाढेल तसं बक्षीसही वाढतं.

दुधाचं तसंच. पाव लिटर म्हशीचं दूध अडीचशेच्या वर जातं, साखर निराळी. दूध चांगलंच आहे, पण ते पाणी नव्हे. प्यायलात तर लिहा. बुधवार-रविवारच्या मटणाला तर घाबरायचं कारणच नाही. फोडी खा, भाकरी एक ठेवा, तांबड्यावरचा तवंग डावानं बाजूला सारा. पांढरा रस्सा दिसायला हलका असला तरी त्यात खोबऱ्याचं दूध आणि काजू असतात, वाटी एकच पुरे.

मग व्यायामानंतर काय बरं? ज्यात प्रथिनं आहेत ते. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि ती झीज प्रथिनं आणि थोडी वजनं उचलणं यांनीच आटोक्यात राहते. व्यायाम करत वजन उतरवणाऱ्यांना वजनाच्या किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं सुचवली जातात. शाकाहारी घरात हे एकदम जमत नाही, तरी प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, दही, पनीर यांतलं काहीतरी वाटीभर असलंच पाहिजे इथून सुरुवात करा. दोन उकडलेली अंडी दीडशे कॅलरी आणि बारा ग्रॅम प्रथिनं देतात. वाटीभर मटकीची उसळ आणि ताक हेही उत्तम. मूठभर शेंगदाणे पौष्टिक आहेत, पण तीस ग्रॅमला १७० पडतात, तेव्हा डबा समोर घेऊन बसू नका.

काटा रोज बघायचा, पण विश्वास आठवड्यावर ठेवायचा

सकाळी उठल्यावर, पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी वजन करा आणि लिहून ठेवा. सात दिवसांची सरासरी काढा. पुढच्या आठवड्याची सरासरी तिच्याशी ताडून बघा. एकेका दिवसाचा आकडा मीठ, रात्रीचा भात आणि पाळी यांनी किलोभर सहज हलतो. बायकांनी पाळीच्या त्याच आठवड्याची तुलना मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी केली तर चित्र जास्त खरं दिसतं.

नवीन व्यायाम सुरू केल्यावर पहिले दोन-तीन आठवडे वजन थांबतं, कधी वाढतंही. दुखरे स्नायू पाणी धरून ठेवतात, आणि स्नायूंत साठणाऱ्या प्रत्येक ग्रॅम साखरेबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी साठतं. ती चरबी नाही. या काळात घाबरून खाणं आणखी तोडू नका. बहुतेक माणसं नेमकी इथंच सोडून जातात, मला त्याचं फार वाईट वाटतं.

तीन-चार आठवड्यांनंतरही सरासरी उतरत नसेल तर रोजच्या आकड्यातून शंभर-दीडशे कमी करा, किंवा तेल आणि भाकरीचं पीठ पुन्हा मोजा. उलट आठवड्याला किलोच्या वर उतरत असेल, सतत थंडी वाजत असेल, झोप मोडत असेल, केस मुठीनं गळत असतील, गेल्या महिन्यात उचलत होता ते वजन आता उचलत नसेल, तर खाणं वाढवा. पाळी चुकली तर वाट न बघता डॉक्टरांकडं जा.

वहिनींनी घड्याळाची जोडणी तोडली आणि १४७० वर राहिल्या. पहिल्या आठवड्याची सरासरी ७२.३, दुसऱ्याची ७२.५. तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. तिसऱ्याची ७१.९. चौथ्या आठवड्यात संध्याकाळी सहाला भुकेनं जीव कासावीस व्हायला लागला, आणि रात्री स्वयंपाक करता करता ओट्यापाशीच अर्धं जेवण व्हायचं. आम्ही आकडा कमी केला नाही. दुपारी चारच्या चहाबरोबर वाटीभर मटकी वाढवली, म्हणजे शंभर कॅलरी जास्तच. ओट्यापाशी तोंडात टाकणं आपोआप बंद झालं. सहाव्या आठवड्याची सरासरी आली ७०.९.